आखाजीपर्यंत दात बसतील का?

कापसाचे पैसे हाती आले की किंवा केळीची एक कटाई निघाली की जळगाव-धुळ्याकडच्या दातांच्या दवाखान्यांत हा प्रश्न हमखास येतो: "डाक्टर, समदा दात काढी टाका, नि फिक्स बसाडी द्या. आखाजीपर्यंत व्हई का?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

होईल, असं उत्तर देता येतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तीन दिवसांत दात बसतात हे खरं, पण ते तात्पुरते असतात. त्यांच्यावर तीन ते सहा महिने मऊच खावं लागतं. आखाजीला खापरावरची पोळी आमरसात बुडवून खाता येईल. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे कडक पापड, मात्र दिवाळीच्या बेतात धराव्यात.

हे तंत्र थोडक्यात असं. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे 4 ते 6 इम्प्लांट बसवायचे, म्हणजे लोक ज्यांना 'स्क्रू' म्हणतात ते, आणि त्यांच्यावर 10 ते 12 दातांचा एकसंध पट्टा बारीक स्क्रूंनी आवळायचा. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनमार्क यांनी दाखवलं आणि 1965 मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. चारच इम्प्लांटवर अख्खा जबडा उभा करण्याची पद्धत 1990 च्या दशकात पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. त्यात पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन 45 अंशांपर्यंत तिरपे असतात. वरच्या जबड्यात मागे गालाच्या हाडातली सायनसची पोकळी आड येते, खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस. तिरपेपणामुळे दोन्ही टळतात, लांब इम्प्लांट बसतो आणि बहुतेक वेळा हाडाचं कलम करावं लागत नाही. ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही आणि ज्याला खालची कवळी काही केल्या टिकत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत वरदान आहे. पण मागणी करणाऱ्यांत अशी माणसं थोडी असतात. बहुतेकांच्या तोंडात आठ-दहा, कधी पंधरा दात शिल्लक असतात.

म्हणून खुर्चीवर बसल्यावर पहिलं काम म्हणजे मोजणी. खुणांची बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवून प्रत्येक दाताभोवतीचा खड्डा सहा ठिकाणी मोजायचा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4-5 ला उपचार चालतो, 7-8 ला दात धोक्यात. मग दोन आरशांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवायचा. आडवा थोडा हलतो तो वाचण्यासारखा असतो. वरखाली दाबला जातो तो गेला. हिरड्या साफ करून सहा-आठ आठवडे थांबलं तर पहिल्या दिवशी 'हलतो' वाटलेले दोन-तीन दात घट्ट झालेले दिसतात. हे सहा-आठ आठवडे कोणाला द्यायचे नसतात, ना पेशंटला ना दवाखान्याला. फिक्स दातांचा पहिला तोटा इथेच होतो. चार इम्प्लांटवरच्या पट्ट्याला मोकळा जबडा लागतो, त्यामुळे वाचणारे दातही वाटेतला अडथळा ठरतात आणि काढले जातात.

आपल्याकडे मोजणीत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मिसरी लावणाऱ्या बायकांचे दात हिरडीलगत करवतल्यासारखे झिजलेले असतात. दिसायला भयंकर, पण मूळ पुष्कळदा हाडात पक्कं असतं. गुटखा खाणाऱ्यांचं नेमकं उलट. दात बरे दिसतात, पण गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होऊन तोंड दोन बोटंच उघडतं. मागच्या बाजूला ड्रिल, त्याचा हँडपीस आणि त्याखाली इम्प्लांट एवढं सगळं उभं राहायला साधारण 35 ते 40 मिलिमीटर तोंड उघडावं लागतं. तेवढं उघडत नसेल तर मागचे तिरपे इम्प्लांट नीट बसवताच येत नाहीत. या माणसाला आधी त्या आजाराचा उपचार हवा, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दातांचं नंतर बघता येतं.

साखर तपासताना उपाशीपोटीचा एक आकडा पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी लागते आणि ती 7 च्या आसपास असली की हात मोकळा राहतो. 9-10 असेल तर जखम भरायला वेळ लागतो, हाडाची पकड उशिरा येते किंवा येतच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरतं. आणि एक प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही: हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेता का? त्यांतली काही औषधं घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून न येता उघडं पडून कुजू शकतं. गोळी घेते आई आणि दवाखान्यात बोलतो मुलगा, त्यामुळे ही माहिती घरीच राहते. जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी बरोबर आणावी.

यानंतर जबड्याचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे हाडाचं सगळ्या बाजूंनी त्रिमितीय चित्र. दवाखान्यातल्या साध्या मोठ्या एक्स-रेत उंची कळते, जाडी कळत नाही. इम्प्लांटला साधारण 5-6 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर उंच हाड हवं, खालच्या जबड्यात नसेपासून वर 2 मिलिमीटर अंतर राखावं लागतं. हे अंतर चुकलं तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही आठवडे, कधी कायमची. चहा ओघळला तरी कळत नाही.

आता ज्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं ती गोष्ट. पट्टा बसवायला जागा लागते. इम्प्लांटच्या माथ्यापासून दाताच्या टोकापर्यंत अॅक्रिलिकच्या पट्ट्याला 15 मिलिमीटरच्या आसपास, झिर्कोनियाला, म्हणजे पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या पट्ट्याला, त्याहून थोडी कमी. ज्याचे दात आजच काढले त्याच्या हाडाची उंची अजून शाबूत असते, म्हणजे जागा नसते. मग ती हाड कापून करतात. शिवाय हसताना नकली गुलाबी हिरडी आणि खरी हिरडी यांचा सांधा दिसू नये म्हणून वरच्या जबड्याचं हाड हास्यरेषेच्याही वर न्यावं लागतं. निरोगी हाड काही मिलिमीटर तासून टाकायचं. जे हाड वाचावं म्हणून इम्प्लांट सांगितले जातात त्याच हाडाची पहिल्या दिवशी अशी छाटणी होते. पुढे इम्प्लांट निकामी झाले तर कवळीला बसायलाही तेवढी उंची उरत नाही. परतीची वाट इथे अरुंद होते, म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारावा: माझं किती हाड कापणार आणि का? उत्तर मिलिमीटरमध्ये मिळायला हवं.

शस्त्रक्रियेचा दिवस एका जबड्याला अडीच-तीन तासांचा असतो. भूल बहुतेक वेळा फक्त जबड्याचीच. दात काढणं, हाड सपाट करणं, मग बारीक ड्रिलपासून जाड ड्रिलपर्यंत छिद्र वाढवत नेणं. छिद्र करताना सलाइनची धार सतत पडत राहायला हवी. हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी मरतं, आणि मेलेलं हाड इम्प्लांट धरत नाही. घाईत, बोथट ड्रिलने केलेलं काम त्या दिवशी छान दिसतं आणि तीन-चार आठवड्यांनी इम्प्लांट डुलू लागतो. बसवताना तो 35 न्यूटन सेंटिमीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) तरी अडला पाहिजे, तरच त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत त्यावर दात चढवावेत. 20 लाच थांबला तर त्याला झाकण लावून हिरडीखाली ठेवायचं आणि पेशंटला कवळीवर घरी पाठवायचं, हा योग्य निर्णय. 'तीन दिवसांत दात' असा शब्द देऊन बसलेल्याला तो घेणं जड जातं.

याच घाईतून आपल्याकडे एकसंध इम्प्लांटचा सुळसुळाट झाला आहे. यात हाडातला भाग आणि वरचा दाताचा खुंट एकच असतो. तो नाकाच्या तळाच्या, सायनसच्या तळाच्या किंवा पार मागच्या कठीण हाडात अडकवतात आणि तीन दिवसांत वर पट्टा सिमेंटने चिकटवतात. हाड खूपच झिजलेल्यांसाठी सराईत हातांत याला जागा आहे. मात्र एक इम्प्लांट दुखू लागला तर तो एकटा काढता येत नाही, पट्टा कापावा लागतो. स्क्रूने आवळलेला पट्टा उघडून बघता येतो, चिकटवलेला फोडावा लागतो. सांगणाऱ्याने हा फरक सांगितला नाही तर आपण विचारावा.

पहिले तीन ते सहा महिने हाड आणि टायटॅनियम यांची पकड जमत असते. या काळात इम्प्लांट साधारण 100-150 मायक्रॉनपेक्षा जास्त हलला, म्हणजे जाड केसाएवढा, की भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि तो कायमचा सैल राहतो. दुखत नाही म्हणून माणूस खातो, आणि खाल्ल्यामुळे हलतो. म्हणून मऊच खायचं: मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, केळी, वांग्याचं भरीत. भरीत चालतं, पण त्यावरचे तळलेले दाणे आणि मिरचीचे तुकडे काढून. कळण्याची भाकरी ताजी, गरम, तीही दुधात कुस्करून. गार झाली की ती ताठ होते. शेवभाजीतली शेव रश्श्यात पूर्ण भिजलेली असावी. दाळ्या-मुरमुरे, हुरडा, ऊस, सुपारी यांचं नाव काढू नये.

तात्पुरता पट्टा अॅक्रिलिकचा असतो आणि आत धातूची जोड नसेल तर तो तुटतो. सहसा शेवटच्या इम्प्लांटच्या मागे, जिथे दात आधाराविना लोंबत असतात तिथे. तात्पुरत्या पट्ट्यात मागे लोंबता दात नसावाच. दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत दुरुस्तीला येणारे बहुतेक तुकडे याच जागेचे असतात आणि बरोबर चिठ्ठी असते, 'पेशंटने बिबडी खाल्ली'. बिबडीचा दोष निम्माच. जिथे चावायची सोय करून ठेवली तिथे माणूस चावणारच.

पक्का पट्टा बनवण्यात सगळ्यात नाजूक काम म्हणजे त्याचं ताणाविना बसणं. चार-सहा इम्प्लांट हाडात घट्ट, वरचा सांगाडाही घट्ट. एका जागी सूतभर फरक असला तरी स्क्रू आवळताना सांगाडा जबरदस्तीने खाली ओढला जातो आणि तो ताण रात्रंदिवस इम्प्लांटवर राहतो. म्हणून मापाच्या वेळी इम्प्लांटवरचे मापाचे भाग एकमेकांना रेझिनने जोडतात, तो जोड कापून पुन्हा जोडतात, म्हणजे रेझिन आकसल्याची चूक निघून जाते. मग तपासणी अशी: एकाच टोकाचा एक स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला सांगाडा उचलला जातो का ते एक्स-रेत बघायचं. उचलला तर परत मापं. ही भेट वाचवणाऱ्या दवाखान्यांतले स्क्रू सारखे सैल होतात. हाडाजवळचे जोड, सरळ असतील तर, 30-35 न्यूटन सेंटिमीटरला आवळतात, पट्ट्याचे बारीक स्क्रू 15 ला, तेही मोजपट्टी असलेल्या पान्यानेच. वरच्या छिद्रात आधी टेफ्लॉनची पट्टी, मग दाताच्या रंगाचं भरण. टेफ्लॉन नसेल तर पुढच्या वेळी उघडताना स्क्रूचं डोकंच खराब होतं.

पट्टा कशाचा असावा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचा मोडायचा प्रकार वेगळा असतो एवढं समजून घ्यावं. धातूच्या पट्टीवर अॅक्रिलिकचे दात असले तर ते झिजतात, एखादा निखळतो, पण जळगावातच दोन दिवसांत लावून मिळतो. झिर्कोनिया झिजत नाही, डाग धरत नाही, पण जड असतो, समोरच्या दातांना निबर वाटतो, आणि तडकला तर दुरुस्ती नाही, अख्खा पट्टा नवा. रात्री दात खाणाऱ्याला झिर्कोनिया दिला तर दात टिकतात आणि स्क्रू मोडतात. झोपताना दातांवर चढवायची प्लास्टिकची चकती घालावीच लागते.

इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण दहा वर्षांनंतरही 90 टक्क्यांच्या वर असतं, हे खरं आणि ते अभिमानाने सांगितलं जातं. पण तो आकडा हाडातल्या स्क्रूचा. वरच्या पट्ट्याला या काळात काहीच झालं नाही असे पेशंट त्याहून कितीतरी कमी. दात निखळणं, स्क्रू सैल होणं, भरण उडणं हे अपयशात धरलं जात नाही, पण त्यासाठी साक्रीहून धुळ्याला खेप पडतेच.

आणखी एक गोष्ट बसवल्यावरच कळते. नैसर्गिक दात हाडाला सूक्ष्म धाग्यांनी बांधलेला असतो आणि त्या धाग्यांत जाणीव असते. भातातला खडा दाताखाली आला की जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटला ते धागे नसतात, त्यामुळे खडा कळतो तेव्हा दाताचा टवका उडालेला असतो. ज्वारी-तूर घरची असेल तर निवडणाऱ्यांनी चष्मा लावावा.

बोलण्याचंही तसंच. वरचा पट्टा टाळूकडे जाड झाला की जिभेची जागा बदलते. मराठीत 'चिमणी'तला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत. दुसऱ्यात जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. जाड पट्ट्यावर हा च आणि 'जहाज'चा ज फुसकारतात, स शिट्टी मारतो. पट्टा आणि हिरडी यांमधून हवा आणि थुंकी निसटते. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत सरावाने जमतं. नाही जमलं तर टाळूकडची जाडी घासावी लागते, म्हणून हे तात्पुरत्या पट्ट्यावरच तपासून घ्यायचं. कीर्तनकार, शिक्षक, वकील यांनी तर नक्कीच. ळ म्हणताना जीभ उलटी वर वळते, तिलाही टाळूची जाडी लागते, पण घरी अहिराणी बोलणाऱ्यांच्या तोंडी काळ्याचं 'काया' होतं, त्यांची तेवढी तक्रार वाचते.

आणि सफाई. पट्टा काढता येत नाही म्हणून तो फिक्स, आणि काढता येत नाही म्हणूनच खाली अडकलेलं अन्नही फिक्स. पट्ट्याचा खालचा पृष्ठभाग बाहेरून फुगीर असावा, म्हणजे धागा सरकतो. खोलगट असला तर घास आत दडतो आणि चार दिवसांत वास मारू लागतो. दररोज रात्री जाड टोकाचा धागा प्रत्येक इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी ओवायचा, बारीक बाटली-ब्रशने कडा घासायच्या, शेवटी पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र चालवायचं. आठ-दहा मिनिटं. बोअरच्या जड पाण्याने त्या यंत्राची नळी क्षार साचून चोंदते, त्यात गाळलेलं पाणी घालावं. हे केलं नाही तर आधी हिरडी सुजते, मग इम्प्लांटभोवतीचं हाड खड्ड्यासारखं विरत जातं, तेही दुखल्याशिवाय. ज्याने हिरड्यांच्या आजाराने सगळे दात घालवले त्याला हा धोका सगळ्यात जास्त, आणि फिक्स दात मागायला तोच आलेला असतो. तंबाखू चालू असेल तर आणखी.

साठीत हे जमतं. पंचाहत्तरीत हात थरथरतात, नजर जाते, एखाद्याला अर्धांग होतो. कवळी सून बाहेर काढून धुऊन देऊ शकते. तोंडात आवळलेल्या पट्ट्याखाली रोज धागा ओवायला कोण बसणार? हा प्रश्न पेशंटला नाही, बरोबर आलेल्या माणसाला विचारावा लागतो. तो गप्प बसला तरी उत्तर मिळतं.

इतर वाटांपैकी जी फारशी कोणी सांगत नाही ती आधी सांगतो, कारण ती स्वस्त आहे. बाकी सगळे दात गेले आणि खालचे दोन सुळे हाडात बरे असतील तर ते काढू नयेत. त्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीच्या 1-2 मिलिमीटर वर घुमटासारखे गोल कापायचे, वर भरण करायचं, आणि कवळी त्यांच्यावरून बसवायची. मूळ शिल्लक म्हणून हाड शिल्लक, धागे शिल्लक म्हणून खडा कळतो, कवळी मागेपुढे सरकत नाही. त्या खुंटांना कीड लागू नये म्हणून फ्लोराइडची पेस्ट रोज, कवळी रात्री बाहेर. एखादा खुंट पाच-सात वर्षांनी गेला तर त्या जागी इम्प्लांटचा विचार करता येतो. म्हणजे काहीच दार बंद झालेलं नसतं.

साध्या कवळीचं नाव बदनाम झालं ते घाईच्या कामाने. दोन भेटींत दिलेली कवळी आणि पाच-सहा भेटींची कवळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं ढोबळ माप अल्जिनेट या माप घ्यायच्या लगद्याने, त्यावरून त्या तोंडापुरता ट्रे, ट्रेच्या कडा गरम हिरव्या कांडीने गाल-ओठ हलवून घडवायच्या, मग बारीक माप. नंतर मेणाच्या कडांवर जबड्याची उंची ठरवायची. मेणात दात लावून तोंडात बघायचे. शेवटी पक्की कवळी आणि टोचण्या घासायला दुसऱ्या दिवशी व आठवड्याने भेट. कडा घडवण्याची पायरी गाळली की वरची कवळी जांभई देताना पडते. वरची नीट केलेली कवळी टाळूला चोखून धरते, तिला इम्प्लांटची गरज सहसा पडत नाही. तिला गरज असते थुंकीची. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड आधीच कोरडं असतं, आणि माणूस म्हणतो उन्हाळ्यात कवळी ढिली झाली. पाण्याचे घोट घेत राहिलं की ती धरते. उकळत्या पाण्यात मात्र टाकू नये, वाकडी होते. काढून कोरडीही ठेवू नये.

खालची कवळी हा खरा त्रास. तिला बसायला वरच्याच्या साधारण निम्मी जागा, वर जीभ तिला सारखी उचलत असते, आणि दात गेल्यावर खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट वेगाने झिजतं. म्हणून आमचा कल स्पष्ट आहे: इम्प्लांटवर पैसे घालायचे असतील तर आधी खालच्या जबड्यात, आणि आधी दोनच. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनीही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी ही पहिली निवड म्हणून मांडली. सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट बसवायचे, तीन महिने थांबायचं, मग त्यांवर बटणं आणि कवळीच्या आतून नायलॉनच्या टोप्या. कवळी 'टक' करून बसते. टोप्या रंगाने ओळखतात: निळी ढिली, गुलाबी मध्यम, पांढरी घट्ट. हातात जोर नसलेल्या आजींना निळीनेच सुरुवात करावी, नाहीतर कवळी काढायला शेजारीण बोलवावी लागते. टोपी साधारण वर्षाने बदलायची, दहा मिनिटांचं काम. तोटे इथेही आहेत. मागच्या बाजूने कवळी हिरडीवरच टेकते, म्हणून दीड-दोन वर्षांनी आतून अस्तर भरावं लागतं. समोर वरची साधी कवळी असेल तर खालच्या पुढच्या जोराने वरचं पुढचं हाड झिजून हिरडी लुळी पडू शकते. मागच्या दाढांचा चावा नीट ठेवला तर हे लांबतं. आणि जिला काढायची कवळी नकोच आहे तिचं समाधान याने होणार नाही, तसं आधीच सांगून मोकळं व्हावं.

काही दात पक्के असतील तर धातूच्या सांगाड्याची अर्धी कवळी किंवा दोन-तीन जागी ब्रिज पुरतो. लवचीक नायलॉनची अर्धी कवळी दिसायला छान, पण ती हिरडीवर दाबते आणि शेजारच्या दातांच्या मुळाशी अन्न धरते. पुढचा एखादा दात लपवण्यापुरती ठीक.

खर्च विचारताना एकच आकडा ऐकून उठू नये. साधी कवळी हजारांत, दोन इम्प्लांटवरची लाखाच्या आसपास, एका जबड्याचे फिक्स दात काही लाखांत, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्या लाखांत स्कॅन आहे का, तात्पुरता पट्टा आहे का, पक्का पट्टा कशाचा, एक इम्प्लांट पहिल्या वर्षात गेला तर दुसरा कोणाच्या खर्चाने, पट्टा तडकला तर किती, हे वेगवेगळं लिहून घ्यावं. आरोग्य विम्यात अपघाताशिवाय दातांचं काम सहसा बसत नाही. सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, अजिंठ्याच्या घाटाने जाऊन दुसरं मत घेता येतं. खेप महाग पडली तरी चुकीच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्तच.

इम्प्लांटच्या डब्यावर एक स्टिकर असतं: कंपनी, व्यास, लांबी, लॉट क्रमांक. ती सगळी स्टिकरं एका कार्डावर चिकटवून मागून घ्यावीत. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला पाना वेगळा. सहा वर्षांनी पुण्याला मुलाकडे असताना स्क्रू सैल झाला आणि कार्ड जवळ नसेल तर तिथला डॉक्टर एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो आणि पाना मागवायलाच आठवडा जातो.

पक्का पट्टा बसला की तात्पुरता पट्टा दवाखान्यात टाकून येऊ नये. डबीत घालून, नाव लिहून, घरी कपाटात ठेवावा. पक्का पट्टा कधीतरी दुरुस्तीसाठी नाशिक-मुंबईच्या लॅबला जाणारच, आणि ते आठ-दहा दिवस तोंडात घालायला तोच असतो.